सरकारवर टीका केली म्हणून '१४९ ची नोटीस' आली. आता गप्प बसावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रखडलेल्या पाणीयोजनेवर तुम्ही दोन पोस्ट टाकल्या. पालकमंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ठाण्यातून फोन आला, 'साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा.' तिथे '१४९ ची नोटीस' (पोलिसांची लेखी ताकीद) हातात दिली आणि पोस्ट काढा, माफीनामा लिहून द्या, विषय संपवू, असं सांगितलं. तुम्ही विचार करायला एक दिवस मागून घरी आलात. आता विचारताय की अभिव्यक्तिस्वातंत्र्य खरंच कुठे असतं का, की मुकाट्याने लिहून द्यावं.

लिहून देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण माफीनामा तेवढा लिहून देऊ नका.

मी २२ वर्षं तालुका न्यायालयात वकिली करतो आणि ही चूक मी स्वतः एका तरुणाला करायला लावली आहे. वकिलीचं दुसरं वर्ष होतं. त्याने रेशन दुकानातल्या गोंधळावर पत्रक छापून वाटलं होतं. ठाणे अंमलदाराने दोघांना चहा पाजला आणि म्हणाला, 'वकीलसाहेब, पोराच्या भवितव्याचा प्रश्न आहे. दोन ओळी लिहून द्या, मिटलं.' मला वाटलं, मिटतंय तर मिटवावं. 'गैरसमजातून माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असे करणार नाही' हे मी सांगितलं, त्याने लिहिलं. तीन महिन्यांनी त्याच्यावर चॅप्टर केस (शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याची कारवाई) झाली. तहसीलदारांपुढे गेलेल्या प्रस्तावाला पहिला कागद कोणता जोडला होता, तर तोच माफीनामा. 'सामनेवाला याने यापूर्वी आपले कृत्य कबूल केले असून...' अक्षर त्याचं, वाक्य माझं. पुढचे कित्येक महिने तो तारखांना येत राहिला आणि रेशनचा विषय गावात पुन्हा कोणी काढला नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. आपल्याकडे तोंड बंद करण्याचं काम बहुतेक वेळा तोंडी चालतं. 'जरा येऊन जा', 'वरून फोन आहे', 'कशाला लफड्यात पडता'. यातलं काहीच कागदावर नसतं, त्यामुळे ते कुठल्याच कोर्टात नेता येत नाही. कागद मागितला जातो तो फक्त तुमच्याकडून. तुम्ही हे उलटं फिरवायचं. स्वतः काही लिहून द्यायचं नाही आणि त्यांच्याकडून प्रत्येक गोष्ट लेखी मागायची.

आता ती नोटीस पुन्हा नीट वाचा. 'आपल्या कृत्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणांस जबाबदार धरण्यात येईल व सदरची नोटीस आपणाविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात सादर करण्यात येईल.' शब्द इकडेतिकडे होतील, पण मजकूर हाच असणार. हा साचा वर्षानुवर्षं चालत आलाय, फक्त वरचं नाव बदलतं. १४९ हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि त्यात ते १६८ झालं, तरी बोलताना सगळे अजून १४९ च म्हणतात. हे कलम सांगतं एवढंच, की दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) घडू नये म्हणून पोलिसांनी मध्ये पडावं. त्यात शिक्षा नाही, दंड नाही, पोस्ट काढायला लावायचा अधिकार तर नाहीच. ही ताकीद आहे. ती मिळाली म्हणजे गुन्हा दाखल झाला असं होत नाही.

मात्र ती फाडून फेकूही नका. नव्या संहितेत कलम १७२ आलंय. पोलिसांनी संहितेच्या या भागाखाली दिलेले कायदेशीर निर्देश पाळणं त्यात बंधनकारक केलंय आणि न पाळणाऱ्याला ताब्यात घेता येतं, किरकोळ प्रकरणात २४ तासांपर्यंत. 'कायदेशीर' या शब्दावर उद्या वाद घालता येईल, पण तो कोर्टात घालायचा, ठाण्याच्या पायरीवर नाही. नोटीस घ्या, सही करा आणि सहीच्या वर लिहा, 'मजकूर मान्य नाही, फक्त प्रत मिळाली', खाली तारीख आणि वेळ. तुम्ही आधीच नुसती सही केली असेल तर आज दोन ओळींचं उत्तर द्या की मजकूर मान्य नाही, आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

पुन्हा फोन आला तर आवाज न चढवता विचारा: माझ्यावर गुन्हा दाखल आहे का? कुठल्या कलमाखाली? चौकशीला बोलावताय तर लेखी कळवाल का? दहापैकी सात वेळा विषय इथेच विझतो, असा माझा अनुभव. गुन्हा खरोखर दाखल झाला आणि तो सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असला, तर उठसूट अटक करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात हे स्पष्ट केलं. नव्या संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही, हेही याच न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. ही ३५ ची नोटीस आली तर मात्र ठरल्या वेळी जा. १४९ आणि ही, दोन्हींत गल्लत करू नका. घरातल्या बाईला किंवा साठीपुढच्या वडिलांना साक्षीदार म्हणून बोलावलं असेल, तर त्यांना ठाण्यात येण्याची सक्ती नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

'नेत्याची बदनामी केली' असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, बदनामी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न, हे स्वातंत्र्य खरंच असतं का. राज्यघटनेच्या १९(२) मध्ये बोलण्यावर कोणत्या कारणांसाठी बंधन घालता येतं ते मोजून दिलंय: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यादी संपली. 'शासनाची प्रतिमा मलिन करणे' त्यात कुठेही नाही, तरी दर दुसऱ्या तक्रारीत हे शब्द सापडतात. (यातली सार्वजनिक सुव्यवस्था मूळ घटनेत नव्हती. १९५० मध्ये मद्रास सरकारने 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकावर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत ते शब्द आले. आवडत्या-नावडत्या सगळ्याच सरकारांना हे कलम अडचणीचं वाटत आलंय, अगदी पहिल्यापासून.)

प्रतिमेचा हा आजार जुना आहे. १८९७ च्या टिळकांवरच्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं होतं की 'डिसअफेक्शन' म्हणजे अफेक्शन नसणं. सरकारवर प्रेम नाही म्हणजे राजद्रोह! टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने हे गुंडाळलं: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अव्यवस्था माजवण्याची प्रवृत्ती असल्याशिवाय निव्वळ कडक टीका हा राजद्रोह होत नाही.

आणि अगदी अलीकडचं, आपल्याच राज्यातलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवलं. ३७० कलम हटवल्याचा ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. गुन्हा दाखल झाला, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि पोलीस यंत्रणेलाच अभिव्यक्तिस्वातंत्र्य समजावून देण्याची वेळ आली आहे, असं म्हटलं. शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर मनाच्या, समंजस माणसाची मोजपट्टी लावायची, हळव्या आणि पदोपदी धोका दिसणाऱ्या माणसाची नाही. हा निकष १९४६ चा, नागपूरच्या न्या. व्हिव्हियन बोस यांचा. तुम्हाला ते स्टेटस आवडेल की नाही ठाऊक नाही. मला त्यातला काही भाग रुचला नाही. पण ज्या मापाने त्याला मोजलं त्याच मापाने उद्या तुमची पाणीयोजनेची पोस्ट मोजली जाणार आहे.

तरीही तो माणूस दीड वर्षाहून जास्त काळ कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. म्हणून 'कोर्ट आहे ना' हे मी अशिलाला कधी सांगत नाही. कोर्टही घसरतं. २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर प्रकरणात पाचपैकी चार न्यायाधीशांनी मान्य केलं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले आणि त्यांना सरन्यायाधीशपदासाठी डावललं गेलं. तो निकाल चुकीचा होता हे न्यायालयाने स्पष्टपणे म्हणेपर्यंत २०१७ साल उजाडलं.

उलट, कोर्ट मान्य करतं तेही खालपर्यंत पोचत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ घ्या, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम. २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली. त्यातल्या एकीने ती पोस्ट नुसती लाइक केली होती. २४ मार्च २०१५ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी वर्षानुवर्षं ठाण्यांत त्याखाली गुन्हे दाखल होत राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो, आता थांबवा. पालघरच्या वेळी सत्तेत कोण होतं आणि आज कोण आहे, यावर तुम्ही भांडत बसाल तर ठाण्यातल्या टेबलाला काही फरक पडत नाही. २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या पोस्टवरून एक अभिनेत्री ४० दिवस आत होती. तेव्हा टाळ्या वाजवणारे आणि आज कळवळणारे, दोन्ही बाजूंचे, आमच्या कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये एकाच बाकावर बसतात.

कागदाची ताकद पाहायची तर आणीबाणीतलीच दोन टोकं बघा. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली. सेन्सॉरशिपचा आदेश निघाला त्यानंतर, २६ तारखेला. विजेविरुद्ध कोण काय दाद मागणार? पण पुढे मुंबईत मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातले लेख सेन्सॉरने रोखले. आता आदेश होता, म्हणजे आव्हानही देता आलं. सोली सोराबजी त्यांचे वकील. फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मसानींच्या बाजूने निकाल दिला. न्या. मदन यांनी लिहिलं, सेन्सॉरला लोकशाहीची दाई म्हणून नेमलंय, तिची कबर खणायला नाही. ही ओळ मी लोकांना वाचून दाखवतो आणि प्रत्येक वेळी ते साल पुन्हा विचारतात.

तुमच्या पोस्टबद्दल एक-दोन गोष्टी. आकडे कुठून घेतले त्याचा कागद जवळ ठेवा. 'योजनेत पैसे खाल्ले' असं लिहिलं असेल तर ते सिद्ध करावं लागेल. 'निधी आला आणि पाइप आले नाहीत, का?' याला बदनामी म्हणणं अवघड जातं. जातीधर्मावरची कॉमेंट कोणी खाली टाकली असेल तर ती उडवा. मोबाइल मागितला तर जप्तीचा पंचनामा आणि त्याची प्रत मागा. जप्तीचं चित्रीकरणही आता बंधनकारक आहे. पासवर्डचं वकिलाशी बोलल्याशिवाय काही करू नका. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधिसेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे.

आणि माहिती अधिकारात एक अर्ज टाका. दोन वर्षांपूर्वी टँकरच्या फेऱ्यांचा व्हिडिओ केला म्हणून एका पोराला अशीच नोटीस आली होती. आम्ही दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मागितलं: सदर नोटिशीची कार्यालयीन प्रत, ती ज्या अहवालावरून दिली त्याची नक्कल आणि त्या दिवशीची स्टेशन डायरीतली नोंद. मुदत ३० दिवसांची असते. २८ व्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: 'मागणी केलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.'

ते उत्तर त्याच्या फायलीत मूळ नोटिशीच्या पाठीला टाचलेलं आहे. पुन्हा फोन आला नाही. व्हिडिओ अजून आहे तिथेच आहे.