लॅपटॉपचा कीबोर्ड सकाळी बंद, रीस्टार्ट केला की चालू: कीबोर्ड बदलावा की ड्रायव्हर बघावा?

तुमच्या प्रश्नातली लक्षणं अशी: विंडोज 11 आहे. रात्री शटडाउन केलेला लॅपटॉप सकाळी चालू केला की पिन टाकायलाच कीबोर्ड चालत नाही. टचपॅड चालतो, बाहेरून लावलेला यूएसबी कीबोर्डही चालतो आणि एकदा रीस्टार्ट केलं की दिवसभर काही तक्रार नाही. कोथरूडच्या दुकानात कीबोर्ड बदला म्हणून सांगितलंय.

इतक्यात बदलू नका. रीस्टार्टने बरा होणारा कीबोर्ड सहसा तुटलेला नसतो. बटणांखालचा पडदा किंवा आतली रिबन पट्टी गेली असती तर शटडाउन आणि रीस्टार्ट यांत तिने भेदभाव केला नसता. हा भेदभाव विंडोज करतं.

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते आणि बहुतेक लॅपटॉपवर ती आधीपासून चालू असते. ती चालू असताना शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (म्हणजे प्रत्येक उपकरणाला विंडोजशी बोलतं करणारे छोटे प्रोग्रॅम) ज्या अवस्थेत होते त्याच अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच परत उचलले जातात. एखाद्या ड्रायव्हरला त्या झोपेतून नीट उठता आलं नाही, की त्याच्या हाताखालचं उपकरण गप्प बसतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं, म्हणून कीबोर्ड चालतो.

खात्री करायला यूएसबी कीबोर्ड लावा, शिफ्ट दाबून धरा आणि माउसने शटडाउनवर क्लिक करा. त्या एका वेळेपुरतं खरंखुरं शटडाउन होतं. असं दोन-तीन रात्री करून सकाळी कीबोर्ड व्यवस्थित चालला, तर दोष याच वाटेवर आहे. मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जा. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केल्याशिवाय खालची खूण काढता येत नाही. फास्ट स्टार्टअपची खूण काढा, सेव्ह करा. एसएसडी असेल तर चालू व्हायला लागणारा जास्तीचा वेळ जाणवणारही नाही. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ही खूण परत आलेली नाही ना, हे एकदा बघा.

एवढ्याने काम भागेल, पण झोपेतून न उठणारा ड्रायव्हर अजून तिथेच असेल. लॅपटॉपचं झाकण मिटून उघडल्यावरही कीबोर्ड अडकत असेल, तर त्याला शोधावंच लागेल.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि कीबोर्ड्सखाली काय आहे ते पाहा. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज इथली ओळ 'एसीपीआय'ने सुरू होत असेल, तर आतला कीबोर्ड जुन्या पीएस/2 पद्धतीने जोडलेला आहे. बहुसंख्य विंडोज लॅपटॉपमध्ये तसंच असतं. 'एचआयडी'ने सुरू होत असेल, तर तो यूएसबी किंवा आय2सी (उपकरणं आतून जोडायची आणखी एक पद्धत) यावर आहे. तुमचा बाहेरचा कीबोर्डही यादीत एचआयडी म्हणूनच दिसेल, म्हणून आधी तो काढून ठेवा.

इथे बरेच जण 'अपडेट ड्रायव्हर' दाबतात, 'सर्वांत योग्य ड्रायव्हर आधीच आहे' असं उत्तर येतं आणि गाडी तिथेच थांबते. उत्तर खरंच असतं. कीबोर्डचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा, जुना आणि साधा आहे. बिघडतात ते त्याचे शेजारी: चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर, इंटेलच्या मशीनवर सिरियल आयओ (टचपॅडसारखी आतली उपकरणं जोडणाऱ्या भागाचा ड्रायव्हर), टचपॅडचा ड्रायव्हर, वरच्या फंक्शन बटणांसाठी कंपनीने दिलेलं हॉटकी सॉफ्टवेअर आणि बायॉस (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर). हे सगळं लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मशीनच्या तळाला छापलेला सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकूनच घ्या. फुकटात ड्रायव्हर अपडेट करून देणारी सॉफ्टवेअर मात्र लांबच ठेवा. ती मॉडेलला न जुळणारा ड्रायव्हर बसवून जातात आणि मग नेमकं काय बदललं हे शोधत बसावं लागतं. माझ्या मते आधी चिपसेट, मग सिरियल आयओ आणि टचपॅड, शेवटी बायॉस. दोन ड्रायव्हरच्या मध्ये रीस्टार्ट करा, म्हणजे कोणत्या पायरीने फरक पडला ते कळतं. बायॉस अपडेट अर्धवट राहिलं तर मदरबोर्ड अडकू शकतो, तेव्हा चार्जर लावलेला हवा, बॅटरी भरलेली हवी आणि महावितरणच्या दुरुस्तीचा गुरुवार सोडून दुसरा वार हवा.

हा त्रास ठरावीक दिवसापासून सुरू झाला असेल तर विंडोज आणि आर दाबून 'perfmon /rel' असं टाका (मध्ये एक जागा सोडून). रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. कोणत्या तारखेला कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट बसलं हे तिथे दिसतं. त्या ड्रायव्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. ते फिकट दिसत असेल तर आधीची आवृत्ती साठवलेली नाही, मग साइटवरून जुनी आवृत्ती घ्या.

कीबोर्ड 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट केला तर विंडोज तो नव्याने बसवतं. उपाय चांगला आहे, पण आधी यूएसबी कीबोर्ड हाताशी ठेवा, नाहीतर पिनच्या पडद्यावर अडकाल. अडकलातच तर त्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हात ऑन-स्क्रीन कीबोर्ड आहे, तो माउसने चालतो.

दुसरा एक प्रकार याहून चिवट आहे. तुमचा तो नाही, कारण तुमचा यूएसबी कीबोर्ड चालतोय, पण हे वाचणाऱ्या कुणाचा असू शकेल. बायॉसमध्ये (चालू करताना एफ2, एफ10 किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे) बटणं चालतात आणि विंडोजमध्ये मात्र आतला आणि बाहेरचा, दोन्ही कीबोर्ड बंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि कोड 19 किंवा 39. कारण बहुतेकदा असं असतं की एखाद्या अँटिव्हायरसने किंवा बटणं बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने स्वतःचा फिल्टर ड्रायव्हर (प्रत्येक ठोका आधी स्वतःकडून जाऊ देणारा) मध्ये घातला होता. सॉफ्टवेअर काढलं, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) त्याचं नाव राहिलं. विंडोज तो ड्रायव्हर शोधतं, तो सापडत नाही, म्हणून कीबोर्ड सुरूच करत नाही. ऑन-स्क्रीन कीबोर्ड वापरून रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी लोकल मशीन (HKEY_LOCAL_MACHINE), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास या वाटेने '4डी36ई96बी'ने सुरू होणारं फोल्डर गाठा. उजवीकडे क्लाससमोर 'कीबोर्ड' लिहिलेलं असेल. त्याची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मगच 'अपरफिल्टर्स' उघडा. त्यात 'केबीडीक्लास' हे नाव राहिलंच पाहिजे, इतर उपरी नावं काढा. काही ठिकाणी अख्खं अपरफिल्टर्स उडवायचा सल्ला दिलेला असतो. तो सीडी ड्राइव्हसाठी ठीक आहे, कीबोर्डसाठी नाही. इथे तसं केलं तर उरलासुरला कीबोर्डही जाईल.

ड्रायव्हरचा काहीच संबंध नसलेली दोन कारणंही तपासून मोकळे व्हा. उजवं शिफ्ट 8 सेकंद दाबून राहिलं की फिल्टर कीज सुरू करण्याबद्दल विचारणा होते. नकळत 'होय' झालं की हलके, झटपट दाबलेले ठोके विंडोज सोडून देतं आणि कीबोर्ड गोठल्यासारखा वाटतो. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड इथे ते बंद करा. दुसरं, कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो पण अक्षर उमटत नाही, असं असेल तर ठोका विंडोजपर्यंत पोहोचतोय, कारण तो दिवा साधारणपणे विंडोजच लावतं. मग विंडोज आणि स्पेस दाबून मराठी-इंग्रजी बदलून पाहा, एकाहून जास्त मराठी टायपिंग सॉफ्टवेअर एकदम चालू असतील तर एकच ठेवा.

दुकानाची पायरी चढायची वेळ कधी? बायॉसमध्येही बटणं चालत नसतील, एका ओळीतलीच किंवा शेजारशेजारचीच बटणं गेली असतील, किंवा चहा सांडला असेल, तेव्हा. तेव्हाही आधी आतली रिबन पट्टी काढून पुन्हा बसवून बघायला सांगा. कीबोर्ड बदलायचाच ठरला तर तो सुटा निघतो की वरच्या कव्हरला रिव्हेटने पक्का केलेला आहे हे विचारून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारात भागापेक्षा मजुरीच जास्त मागतात.