७४ किलो वजन आणि कमरेएवढ्या लाटा: पहिला सर्फबोर्ड किती मापाचा घ्यावा

विक्रेता निम्म्या किमतीत देतोय तो ६ फूट २ इंचांचा शॉर्टबोर्ड पहिला बोर्ड म्हणून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. घेऊ नका.

वजन ७४ किलो, उंची ५ फूट ८ इंच, मुळकी (कर्नाटक) आणि आश्वे (गोवा) मिळून नऊ-दहा वेळा पाण्यात उतरलात, फेसात, म्हणजे फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या पाण्यात, उभं राहता येतं पण न फुटलेली लाट अजून स्वतःहून पकडता येत नाही, पोहणं चांगलं आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच पुण्याहून समुद्र गाठणं जमेल. तुम्ही दिलेली एवढी माहिती पुरेशी आहे. तिच्यावरून तुमचा बोर्ड ठरतो तो ८ फुटांचा, ७५ ते ८५ लिटरचा सॉफ्टटॉप, म्हणजे वरून मऊ फोमचा थर असलेला बोर्ड. समोरचा माणूस शॉर्टबोर्ड निम्म्या किमतीत देत असला तरी तो दोन-तीन वर्षं तुमच्या कामाचा नाही. यामागची कारणं नीट समजून घ्या, कारण पुढचा बोर्ड घेतानाही तीच लागतील.

‘आपल्या उंचीपेक्षा पाच-सहा इंच लांब बोर्ड घ्यायचा’ हा जो नियम विक्रेत्याने सांगितला, तो ज्यांना सर्फिंग येतं त्यांच्या शॉर्टबोर्डसाठी आहे. नवशिक्याने उंचीपेक्षा स्वतःचं वजन आणि बोर्डाचे लिटर, म्हणजे त्याचं आकारमान, पाहावेत. बोर्डाच्या मधल्या लाकडी पट्टीजवळ, म्हणजे स्ट्रिंगरपाशी, लांबी, रुंदी, जाडी आणि हल्ली बहुतेक वेळा लिटरही लिहिलेले असतात. नसतील तर तिन्ही मापं इंचांत घेऊन गुणाकार करा, ६१ ने भागा आणि आलेल्या आकड्याचे शॉर्टबोर्डसाठी ५२ ते ५५ टक्के, फनबोर्डसाठी (शॉर्टबोर्डहून लांब-रुंद, मधल्या मापाचा बोर्ड) साधारण ६० टक्के धरा. तुम्हाला दाखवलेला बोर्ड ७४ इंच लांब, १९.२५ रुंद आणि २.३७५ जाड आहे. हिशेब येतो साधारण २९ लिटर. म्हणजे तुमच्या वजनाच्या ३९ टक्के. हे प्रमाण आठवड्यातून चार-पाच दिवस पाण्यात असणाऱ्या, वळणं घेता येणाऱ्या माणसाचं आहे. शिकणाऱ्याला किलोमागे एक लिटर किंवा थोडं जास्त लागतं. न फुटलेल्या लाटा पकडून आडवं जाता येऊ लागलं की पाऊण लिटर, मग हळूहळू ०.६, ०.५ असं खाली यायचं. चाळिशी ओलांडली असेल किंवा दिवसभर खुर्चीत बसून काम असेल तर यात पाच-दहा लिटर मिळवा. खांदे दमले की शिकणं थांबतं.

आता हे लिटर पाण्यात काय करतात ते पाहा. ८० लिटरचा बोर्ड पूर्ण दाबला गेला तर सुमारे ८२ किलो खारं पाणी बाजूला सारतो. त्याचं स्वतःचं सहा-सात किलो वजन वजा केलं तरी ७५ किलो पेलायची ताकद उरते, म्हणजे तुम्ही अख्खे पाण्यावर. २९ लिटरचा बोर्ड जेमतेम २७ किलो पेलतो. उरलेला भार तुमचं शरीर स्वतः पाण्यात बुडून पेलतं. छाती पाण्याखाली, पोट पाण्याखाली, नोज (बोर्डाचं पुढचं टोक) एकतर आभाळाकडे नाहीतर खाली. दोन्ही हातांनी कितीही मारलं तरी निम्मी ताकद पाणी ढकलण्यात जाते.

लाट हुकते ती इथेच. कमरेएवढी लाट साधारण एक मीटर खोल पाण्यात फुटते आणि तिथे तिचा वेग ताशी ११-१२ किलोमीटर तरी असतो. जोरात पॅडल करणारा, म्हणजे बोर्डावर पालथा झोपून हातांनी पाणी मारणारा, माणूस ताशी सहा-सात गाठतो. मधली तफावत उतार भरून काढतो: लाटेने मागून उचललं की बोर्ड तिच्या उतारावरून घसरायला लागतो. लांब, रुंद आणि सपाट बोर्ड लाट जरा कुठे तिरपी झाली की घसरतो, म्हणजे उभं राहायला दोन सेकंद मिळतात. छोटा बोर्ड लाट जवळजवळ उभी होईपर्यंत घसरतच नाही आणि मग उभं राहायला अर्धा सेकंदही मिळत नाही. नऊ-दहा सत्रांनंतर कुणाचाच पॉप-अप (झोपलेल्या स्थितीतून झटक्यात उभं राहणं) इतका पक्का नसतो. मग होतं काय, तर लाटा पायाखालून निघून जातात, एखादी मिळाली तर नोज पाण्यात खुपसला जातो, आणि दोन तासांत प्रत्यक्ष लाटेवर गेलेला वेळ पाच-सात सेकंद भरतो. सर्फिंग लाटेवरच शिकता येतं, म्हणून ज्या बोर्डावर तासाभरात सर्वांत जास्त लाटा मिळतील तो बोर्ड घ्यावा. माझा सगळा आग्रह यासाठी आहे.

मात्र लिटर सारखे म्हणजे बोर्ड सारखे, असं समजू नका. ४० लिटरचा ५ फूट १० इंचांचा जाडजूड फिश (माशासारखी दुभंगलेली शेपटी असलेला आखूड, रुंद बोर्ड) आणि ४० लिटरचा ७ फुटांचा बारीक बोर्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लांबी पॅडलला वेग देते आणि लाट लवकर पकडून देते. उभं राहिल्यावर तोल सांभाळते ती रुंदी. नवशिक्याला २२ इंच रुंदी छान. जाडी फक्त तरंगवते, आणि ती कडांपर्यंत, म्हणजे रेलपर्यंत, तशीच नेलेली असेल तर वळताना बोर्ड कड पाण्यात घालूच देत नाही. ‘छोटा पण भरपूर लिटरचा’ म्हणून जे बोर्ड नवशिक्यांना विकले जातात त्यांच्यापासून सावध राहायचं ते म्हणूनच.

रॉकर, म्हणजे बोर्ड जमिनीवर पालथा ठेवला की दिसणारी कमान, हा चौथा आकडा कुणी लिहीत नाही, पण तो बघायलाच हवा. सपाट बोर्ड मंद लाटेवर पळतो आणि उभ्या लाटेत नोज खुपसतो. जास्त कमान असलेला बोर्ड उभ्या लाटेत वाचवतो, पण मंद लाटेत जागचा हलत नाही.

लाटांचं गणित यातच आलं. गोव्यात आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतेक दिवस गुडघा ते कमर एवढीच लाट असते, तीही मऊ. उन्हाळ्याकडे थोडी वाढते. जून ते सप्टेंबर लाल बावटे लागलेले असतात. तेव्हा पाण्यात जाऊच नका, बोर्ड कोणताही असो. त्या दिवसांत तमिळनाडूच्या बाजूला, म्हणजे चेन्नईजवळचं कोवलम (केरळचं नव्हे) आणि महाबलीपुरम इथे, अनेकदा जास्त स्वच्छ लाट मिळते, कारण नैऋत्येचा वारा तिथे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो.

अंदाज बघताना नुसती उंची वाचू नका, शेजारचे सेकंदही वाचा, म्हणजे दोन लाटांमधला कालावधी. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि कालावधीच्या प्रमाणात वाढते. ०.८ मीटर, ६ सेकंद आणि ०.८ मीटर, १४ सेकंद हे कागदावर एकाच उंचीचे दिवस, पण दुसऱ्यात ताकद सव्वादोन पटींहून जास्त. शिवाय लांब कालावधीची लाट उथळ पाण्यात अधिक चढते आणि सरळ किनाऱ्यावर एकदम आडवी कोसळते. पहिल्या प्रकारच्या दिवशी ८ फुटांचा सपाट सॉफ्टटॉप राजा. दुसऱ्या प्रकारच्या दिवशी तोच नोज खुपसेल आणि फेस ओलांडताना हातातून ओढला जाईल. अशा दिवशी नवशिक्याने आतल्या फेसातच सराव करावा. वर्षातले बहुतेक दिवस आपल्याकडे पहिल्या प्रकारचे असतात, आणि बोर्ड बहुतेक दिवसांसाठीच घ्यायचा असतो.

वेळही पाहा. पश्चिम किनाऱ्यावर पहाटेपासून साडेनऊ-दहापर्यंत मतलई वारा लाटेचा चेहरा नितळ ठेवतो. मग खारा वारा सुटतो, पाणी खडबडीत होतं आणि तोच बोर्ड अचानक छोटा वाटू लागतो. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. पूर्ण ओहोटीला उथळ वाळूत फिन (बोर्डाच्या तळाचे पर) आपटून तुटतात, पूर्ण भरतीला काही किनाऱ्यांवर लाट अगदी काठाशी फुटते. मधली वेळ धरा.

मग ९ फुटांचा का नको? तरंगण्याच्या दृष्टीने उत्तमच. पण तो उचलून वाळूतून नेणं, वाऱ्यात सांभाळणं आणि फेसातून बाहेर काढणं हे सगळं जड जातं, आणि सुटला तर शेजारच्याला लागतो. वजन ८५-९० च्या पुढे असेल तर मात्र ९ फूटच घ्या. उलट ५०-५५ किलोच्या, पाच फूट दोन इंच उंचीच्या मुलीला ७ फुटांचा, २१ ते २२ इंच रुंद, ५५ ते ६० लिटरचा सॉफ्टटॉप बरोबर बसतो. फार रुंद बोर्डावर हात पाण्यापर्यंत नीट पोचत नाहीत आणि खांदे दुखावतात.

बोर्ड बरोबर आहे की नाही हे पाण्यात दोन मिनिटांत कळतं. शांत पाण्यात पालथे झोपा, पाय जुळलेले, हनुवटी वर. नोज पाण्याच्या वर तीन-चार बोटं हवा. हाताएवढा वर असेल तर पुढे सरका, पाण्याखाली असेल तर मागे. नेमक्या जागेवर झोपूनही छाती पाण्यात राहत असेल तर लिटर कमी आहेत. जागा सापडली की हनुवटीखाली वॅक्सने (पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचं मेण) किंवा मार्करने खूण करा. बरेचदा ‘बोर्ड छोटा आहे’ ही तक्रार प्रत्यक्षात पाच इंच मागे झोपण्याची असते.

पुढची पायरी कधी? स्वतः निवडलेल्या दहांपैकी सहा-सात न फुटलेल्या लाटा मिळू लागल्या, टेक-ऑफ होताच, म्हणजे लाट पकडून उभं राहताच, सरळ काठाकडे न जाता डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंना लाटेच्या भिंतीवर जाता येऊ लागलं की ७ फूट ६ इंचांचा कडक फनबोर्ड घ्या: रुंदी २१.५ ते २२, जाडी पावणेतीन इंचांच्या आसपास, ५३ ते ५६ लिटर. ८० वरून ५५ ही उडी मोठी दिसते, पण कडक बोर्ड लवत नाही आणि त्याचा तळ गुळगुळीत असतो, त्यामुळे पॅडलमध्ये फरक कमी जाणवतो. त्यानंतर ७ फूट, ४५ ते ४८ लिटर. त्या ६ फूट २ इंचांच्या बोर्डाचा विचार त्याच्याही पुढे, आणि आपल्या मंद लाटांसाठी तेव्हाही ३६ ते ३८ लिटरचा रुंद फिश जास्त कामाचा. मोठ्या बोर्डाला डक डाइव्ह, म्हणजे बोर्ड पाण्यात दाबून लाटेखालून जाणं, जमत नाही. फेस अंगावर आला की रेल घट्ट धरून बोर्डासकट उलटं व्हायचं आणि फेस वरून गेला की परत सुलटं. हे आत्ताच घोटून घ्या.

वापरलेला बोर्ड घेणार असाल तर भर उजेडात तपासा. डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, दोन्ही अंगठ्यांनी एकेक वीत दाबत जा. पापडासारखं आत-बाहेर होत असेल तर वरचं फायबर आतल्या फोमपासून सुटलंय, सोडून द्या. टाचांचे उथळ खळगे चालतात, पिवळेपणाही चालतो. आडवी बारीक रेघ वर आणि खाली एकाच जागी दिसली तर बोर्ड एकदा वाकलेला आहे, तो तिथेच तुटणार. फिन बॉक्सभोवतीच्या भेगा पाहा, फिन हलवून पाहा. माप पाहता बोर्ड जड वाटला तर आत पाणी आहे. सॉफ्टटॉप असेल तर कडेला डेकचा थर उचकटतोय का ते पाहा. दुरुस्ती करताना एक चूक अनेकांच्या अंगाशी येते: ईपीएस फोमच्या, म्हणजे आत थर्माकोल असलेल्या, बोर्डाला पॉलिएस्टर रेझिन लावलं की ते फोम विरघळवतं. आत काय आहे याची खात्री नसेल तर इपॉक्सीच वापरा, ते ईपीएसलाही चालतं आणि दुसऱ्या फोमलाही.

बोर्डाबरोबर ८ फुटांची, ७ मिलिमीटरची लीश (बोर्ड पायाला जोडून ठेवणारा दोर) घ्या. ती बोर्डाला बांधायची छोटी दोरी इतकी आखूड ठेवा की रेलवर दोरी न येता लीशची रुंद पट्टी येईल, नाहीतर ओढ बसली की दोरी रेल चिरते. सॉफ्टटॉपचे प्लॅस्टिकचे फिन मऊ असतात, सुरुवातीला तेच सुरक्षित. कडक बोर्डाला मध्यम किंवा मोठे फिन लागतील, आणि स्क्रूसाठी ३/३२ इंचाची अ‍ॅलन की पिशवीत हवीच. खाऱ्या पाण्यात स्क्रू गंजतात, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा. वॅक्स ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलंच घ्या. थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडे वितळून वाहतं. बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका. तासाभरात फोममधली हवा फुगून डेकला फोड येतात आणि ते परत बसत नाहीत.

पैसे देण्यापूर्वी पुढच्या फेरीत एक सकाळ ८ फुटांचा सॉफ्टटॉप आणि दुसरी सकाळ ७ फूट ६ इंचांचा बोर्ड भाड्याने घ्या, शक्यतो सारख्या लाटेत. दोन्हींवर न फुटलेल्या लाटा किती मिळाल्या ते मोजा. आकडे फार दूर नसतील तर सॉफ्टटॉप भाड्यानेच वापरत राहा आणि पैसे थेट फनबोर्डात घाला. पुण्याहून ये-जा करायची असल्याने कोणताही बोर्ड घेतलात तरी तो किनाऱ्यावरच्या सर्फ क्लबमध्ये ठेवू देतील का हे आधी विचारा. ८ फूट लांब वस्तू रेल्वेच्या डब्यात नेणं अवघड, आणि गाडीच्या टपावर न्यायची तर पॅड आणि रुंद पट्टे लागतात.