लिफ्ट केलेल्या ट्रकच्या पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट दुरुस्त होतो का?

आपण विचारले आहे की, चार इंच लिफ्ट केलेल्या (सस्पेन्शन बदलून उंच केलेल्या) राम 2500 या पिकअप ट्रकच्या (2003–2009) पुढच्या शाफ्टमधून, म्हणजे पुढच्या ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्यातून, चिरचिर आवाज येत असल्यास नुसते क्रॉस (जॉइंटमधले अधिक-चिन्हाच्या आकाराचे भाग) बदलून भागेल का. भागेल, पण ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) बाजूच्या, दोन क्रॉस असलेल्या दुहेरी जॉइंटला मध्यावर धरणारा गोळा शाबूत असेल तरच.

या गाडीला पुढच्या ॲक्सलचे डिसकनेक्ट (चाकांपासून शाफ्ट सोडवणारी यंत्रणा) नसल्याने शाफ्ट टू-व्हील ड्राइव्हमध्येही फिरत राहतो आणि लिफ्टमुळे त्याचा कोन वाढून गोळा व क्रॉस लवकर झिजतात. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंग-कपांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली, तर आतले ग्रीस संपले आहे असे समजावे. शाफ्ट काढण्यापूर्वी योक व फ्लँजवर (शाफ्ट जिथे जोडलेला असतो त्या भागांवर) जुळणीच्या खुणा कराव्यात, नाहीतर थरथर वाढते. कप हातोड्याने न ठोकता प्रेसने बसवावेत. सर्क्लिप (कप जागी धरणारी कडी) खाचेत जात नसेल, तर एखादी नीडल (कपातली बारीक दांडी) आडवी पडलेली असते, तेव्हा जोर न लावता कप पुन्हा काढावा. गोळ्याची बैठक खरवडली असल्यास मात्र सुट्या भागांवर खर्च न करता शाफ्टच बदललेला बरा.

पिनियन (ॲक्सलचे शाफ्ट जोडलेले टोक) वर वळवून शाफ्टचा कोन कमी करता येतो, परंतु पुढच्या ॲक्सलवर तसे केल्यास कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो व स्टिअरिंग भरकटते, म्हणून त्यात बेतानेच फरक करावा. दुरुस्ती होईपर्यंत पुढचा शाफ्ट उतरवून मागच्या चाकांवर गाडी चालवावी, कारण वेगात तुटलेला शाफ्ट गिअरबॉक्सची केसिंगही फोडू शकतो.