राग रक्तात असतो का घरात?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा मुलगा नववीत आहे, मागच्या महिन्यात त्याने रागात मोबाईल भिंतीवर आपटला. मिस्टर म्हणतात आमच्या घराण्यातच राग आहे, आता तर रागाचा जीनपण सापडलाय, त्याला इलाज नाही. नणंद कॉलेजात सोशॉलॉजी शिकवते, ती म्हणते हा नुसता रिडक्शनिझम, माणसाचे असे तुकडे करून कळत नाही, होलिस्टिक बघायचं, घर शाळा समाज सगळं. दिवाळीत दोघं यावरून इतके भांडले की फराळ तसाच राहिला. बरोबर कोण? – एक आई, सांगली

उत्तर: मिस्टरांनी अर्धीच बातमी वाचलेली दिसतेय. 1993 साली हॉलंडमधल्या एका कुटुंबावर संशोधन छापून आलं, त्यातले काही पुरुष एकदम भडकायचे, मारामारी, कुठे आग लावणं वगैरे, आणि त्यांच्यात एमएओए नावाचा जीन बंद पडलेला निघाला. हा जीन जे एन्झाइम बनवतो ते मेंदूतली सेरोटोनिन, डोपामीन अशी निरोप पोचवणारी रसायनं काम झाल्यावर मोडून टाकतं. पुढे बातम्यांमध्ये त्याचं नाव पडलं 'वॉरियर जीन', झालं! पण असा पूर्ण बंद जीन फारच क्वचित सापडतो. आणि गंमत म्हणजे तो एक्स क्रोमोसोमवर (जीन ज्या धाग्यांवर असतात त्यातला एक) असतो, मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणजे हाच जीन धरायचा तर तो राग तुमच्या माहेरचा, मिस्टरांच्या घराण्याचा यात काही संबंधच नाही. (हे त्यांना जरा बेताने सांगा.)

खरी गोष्ट 2002 ची. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारेक मुलांना लहानपणापासून फॉलो करतायत, त्यातल्या मुलग्यांमध्ये पाहिलं तर हा जीन कमी काम करणारा आणि वर लहानपणी मारझोड, हाल झालेले, अशी मुलं मोठेपणी जास्त हिंसक निघाली. नुसता जीन तसा होता पण घर धड होतं, तिथे फारसा फरक नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलं नाही, तेही खरं.

म्हणजे नणंद जिंकली का? नाही हो. कारण हे कळलं ते तुकडे करूनच, जीन वेगळा मोजला, मारझोड वेगळी मोजली, मग दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं. 'सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे' म्हटलं की ऐकायला छान वाटतं, पण उद्या सकाळी करायचं काय ते त्यातून कळत नाही. आणि होलिझम म्हटलं की माणूस आपोआप उदार होतो असंही नाही, हा शब्द 1926 मध्ये काढला यान स्मट्स या दक्षिण आफ्रिकेतल्या नेत्याने, ज्याच्याशी गांधीजी तिथे लढले तोच, काळ्या लोकांना वेगळं ठेवायच्या बाजूचा माणूस.

तुम्ही आधी एवढंच बघा, तो कुणावर चिडतो, कधी, झोप किती होते, शाळेत कुणी छळतंय का, घरात कोण कुणावर ओरडतं. मारझोड किंवा स्वतःला इजा असं काही असेल तर मात्र थांबू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या. आणि नवीन मोबाईल इतक्यात घेऊ नका.