इझ्बिस्टर हे आडनाव कुठलं आणि किती जणांचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीचं लग्न कॅनडातल्या सस्कॅटूनच्या मुलाशी ठरलंय, मुलाचं आडनाव इझ्बिस्टर. घरचे स्वतःला क्री, म्हणजे कॅनडातल्या एका मूळ रहिवासी समाजाचे, म्हणवतात, पण आडनाव स्कॉटिश असल्याचंही सांगतात. हे आडनाव स्कॉटलंडमध्ये किती जणांचं, कुठल्या भागातलं, आणि क्री घरात ते आलं कसं?

मी बारा वर्षं विनिपेगमध्ये राहते. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ मॅनिटोबात शिकायला आले तेव्हा माझे निम्मे वर्ग 'इझ्बिस्टर बिल्डिंग' नावाच्या इमारतीत भरायचे. नाव कानाला वेगळं लागलं म्हणून शोधायला लागले, आणि गेली सात-आठ वर्षं सवड मिळेल तशी या एकाच आडनावामागे आहे. त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

स्कॉटलंड म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते डोंगर, घागऱ्यासारखे किल्ट आणि 'मॅक'वाली आडनावं. इझ्बिस्टरचा त्यातल्या कशाशीच संबंध नाही. हे आडनाव ऑर्कनीचं आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे समुद्रात विखुरलेली ही बेटं, आजची वस्ती सुमारे २२ हजार. जवळजवळ सहाशे वर्षं तिथे नॉर्वेच्या बाजूच्या लोकांची सत्ता होती. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाला मुलीच्या हुंड्याची पूर्ण रक्कम उभी करता आली नाही, म्हणून त्याने ऑर्कनी स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण टाकलं, पुढच्या वर्षी शेटलंडही टाकलं. ते गहाण कधी सुटलंच नाही. १४७२ मध्ये दोन्ही बेटसमूह स्कॉटलंडला जोडले गेले. लोकांची बोली नॉर्न, जुन्या नॉर्सची लेक, तरीही अठराव्या शतकापर्यंत तग धरून होती. गेलिक भाषा तिथे रुजली नाही, कुळांची म्हणजे क्लॅनची पद्धतही नव्हती. एडिंबराच्या दुकानांत प्रत्येक आडनावाचं चौकड्यांचं कापड मिळतं. लग्नासाठी कुणी 'इझ्बिस्टर क्लॅनचं' म्हणून विकायला आणलं, तर रंग आवडला तरच घ्या.

नावाचा अर्थ त्याच्या शेपटीत आहे. जुन्या नॉर्समध्ये 'बोल्स्ताद' म्हणजे शेतवाडी, घर आणि त्याभोवतीची कसलेली जमीन. जिथे जिथे ते लोक गेले तिथे हा शब्द मागे राहिला आणि प्रत्येक किनाऱ्यावर वेगळा झिजला. ऑर्कनी-शेटलंडमध्ये त्याचं 'बिस्टर' झालं: कर्बिस्टर, स्वॉनबिस्टर, फूबिस्टर. समोरच्या केथनेसमध्ये 'ब्स्टर' उरलं: लिब्स्टर, स्क्रॅब्स्टर. पश्चिमेला लुइस आणि स्काय बेटांवर 'बॉस्ट', आणखी खाली आयलाला नुसतं 'बस'. नकाशा पुढ्यात घेऊन या शेपट्या जुळवत बसायला मला फार आवडतं. तासभर कसा जातो कळत नाही.

तर इझ्बिस्टर हे मुळात वाडीचं नाव, आपल्याकडे गावाला 'कर' लागून आडनाव होतं तसंच. फक्त ती वाडी एक नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. ऑर्कनीच्या मुख्य बेटावर रेंडल परगण्यात एक इझ्बिस्टर आहे. बर्से परगण्यात त्याच नावाचं तळं आहे. दक्षिणेला साउथ रोनल्डसे बेटाच्या कड्यावर एक इझ्बिस्टर आहे. शेटलंडमध्येही दोन, एक व्हॉल्से बेटावर आणि एक मुख्य बेटाच्या पार उत्तरेला नॉर्थ रोमध्ये, जिथे रस्ता संपतो तिथे. यातल्या कुठल्याही वाडीवरचा माणूस इझ्बिस्टर म्हणवू शकत होता. वर ऑर्कनीत जुन्या काळी कुटुंबाने वाडी बदलली की आडनावही बदलायची रीत होती. म्हणजे दोन सख्खे भाऊ वेगळ्या आडनावांचे असू शकतात आणि एकाच आडनावाचे दोघे एकमेकांचे कुणीच नसतात. 'आडनाव दुर्मीळ, म्हणजे सगळे एकाच घरातले' असं कुणी सांगितलं तर या आडनावापुरतं तरी ते मानू नका.

शेटलंडची गोष्ट आणखी वेगळी. तिथे एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत बऱ्याच घरांत कायमचं आडनावच नव्हतं, बापाच्या नावाला 'सन' किंवा 'डॉटर' जोडत. म्हणून तिथे वाड्या दोन असूनही या आडनावाचं मूळ ठाणं ऑर्कनीच राहिलं. स्पेलिंगही एक नाही. जुन्या कागदांत सुरुवातीला कधी 'वाय' येतो, मधला 'आय' कधी 'ई' होतो, कधी 'यू'. शोधताना एकाच स्पेलिंगवर अडलात तर निम्मी माणसं हातची जातील.

आता संख्येचं बघू. स्कॉटलंडमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारी आडनावं म्हणजे स्मिथ, ब्राउन, विल्सन. त्यांच्यापुढे इझ्बिस्टर हे चिमूटभर मीठ. पण अख्ख्या देशाच्या हिशोबातून या आडनावाबद्दल काही कळत नाही. समजा, ऑर्कनीत या आडनावाची दोनशे माणसं धरली. स्कॉटलंडच्या ५४ लाखांत ती २७ हजारांत एक येतात, म्हणजे जवळजवळ नाहीतच. ऑर्कनीच्या २२ हजारांत मात्र ती ११० मध्ये एक, म्हणजे गावच्या शाळेत आणि वाण्याच्या दुकानात रोज भेटणारी. दोनशे हा आकडा मी फक्त हिशोबासाठी धरला आहे. आडनावांच्या साइट्सवर 'अतिदुर्मीळ' असा शिक्का दिसतो तेव्हा भागाकारात खाली कुठला आकडा घेतलाय तेवढं बघायचं.

खरी मोजदाद तुम्ही घरबसल्या करू शकता. स्कॉटलंड्सपीपल ही तिथल्या सरकारी दप्तरखान्याची साइट. स्कॉटलंडमध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या चर्चच्या वह्या आहेत, आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेचे कागद १८४१ पासून. खातं उघडलं की यादी फुकट दिसते, पैसे मूळ पान उघडण्याचे. आडनाव घाला, वर्ष घाला, जिल्हा रिकामा ठेवा. मग ऑर्कनी, शेटलंड, केथनेस, एडिंबरा असं एकेक निवडत जा. बहुतेक नोंदी ऑर्कनीत पडतील, काही शेटलंडमध्ये, आणि थोड्या लीथसारख्या बंदरांत, कारण ही दर्यावर्दी माणसं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडेही एकोणिसाव्या शतकात काही घरं गेली. तो धागा मी फारसा पाहिला नाही, तुमच्या जावयाचा तो नव्हेही.

त्याचा धागा ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस बंदरातून निघतो. हडसन्स बे कंपनी १६७० मध्ये लंडनला स्थापन झाली. धंदा बीव्हर आणि इतर जनावरांच्या कातड्यांचा. तिची जहाजं कॅनडाकडे निघण्याआधी शेवटचं गोडं पाणी आणि शेवटची माणसं स्ट्रॉमनेसला भरून घेत. २०१७ मध्ये मी तिथे गेले होते. गावातून जाणारा दगडी रस्ता, त्याच्या कडेला लॉगिनची विहीर. आता बंद केलेली आहे, पण वरच्या दगडावर कोरलंय: १६७० ते १८९१ कंपनीच्या जहाजांनी इथे पाणी भरलं. खाली कॅप्टन कुकच्या जहाजांचं १७८० हे साल, आणि आर्क्टिकच्या शोधाला निघालेल्या फ्रँकलिनच्या त्या न परतलेल्या दोन जहाजांचं १८४५. पाऊस भुरभुरत होता, समोर बोटी डुलत होत्या, आणि विनिपेगच्या आजूबाजूची अर्धी आडनावं या एका विहिरीवरून गेली, या विचाराने मी बराच वेळ तिथून हलले नाही.

कंपनीला ऑर्कनीचीच माणसं का हवी होती? थंडी-वाऱ्याची सवय, होडी वल्हवता येणारी, बऱ्यापैकी लिहिता-वाचता येणारी, आणि लंडनच्या मजुरापेक्षा स्वस्त. अठराव्या शतकात साध्या मजुराला वर्षाला ६ पौंड मिळत. आज तो आकडा केविलवाणा वाटतो, पण बेटावरच्या धाकट्या मुलाच्या वाट्याला जमीन यायची नाही. पाच वर्षं काढून साठवलेला पैसा घेऊन परतलं की त्याला स्वतःचं काही उभं करता यायचं. त्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या तिकडल्या नोकरांत चारातले तीन ऑर्कनीचे होते. वरच्या जागांवरही ते चढले. ऑल्बनी नदीवर १७४३ मध्ये हेन्ली हाउस हे किनाऱ्यापासून आत ठाणं उभं करणारा जोसेफ इझ्बिस्टर त्यांच्यातलाच.

सगळे परतले नाहीत. कंपनीच्या ठाण्यांवर गोऱ्या बायका नव्हत्या. क्री आणि इतर मूळ रहिवासी घराण्यांतल्या मुलींशी या माणसांची लग्नं तिथल्या रीतीने झाली. त्या बायकांना भाषा येत होती, त्या बर्फात चालायचे जाळीचे बूट विणत, कातडी कमवत, आणि त्यांच्या माहेरामुळेच व्यापार चालत असे. मुलं काही ठिकाणी आईच्या माणसांत वाढली, काही ठिकाणी रेड नदीकाठच्या, म्हणजे आजच्या विनिपेगच्या भागातल्या, वसाहतीत. त्या काठावर क्री आणि ऑर्कनीची बोली मिसळून 'बंगी' नावाची बोलीही तयार झाली होती. आज ती बोलणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा तुमच्या जावयाने 'मी क्री' म्हणणं आणि आडनाव इझ्बिस्टर असणं यात काही विसंगती नाही. आडनाव बापाकडून आलं, घर आईने घडवलं. मॅनिटोबा आणि सस्कॅचेवानमध्ये कितीतरी क्री आणि मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) घरांची हीच कथा आहे, आणि व्याह्यांकडे त्याबद्दल जरूर विचारा. 'मग तुम्ही खरे स्कॉटिश की खरे क्री' असं मात्र विचारू नका. तो प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकलेला असतो.

माझ्या कॉलेजच्या इमारतीचा इझ्बिस्टर याच मिश्रणातला. अलेक्झांडर केनेडी इझ्बिस्टर १८२२ मध्ये कंबरलंड हाउस या ठाण्यावर जन्मला. बाप ऑर्कनीहून आलेला कंपनीचा कारकून, आईची आई क्री. लहानपणी त्याला शिकायला ऑर्कनीत धाडलं, परतून तो कंपनीत लागला आणि मॅकेन्झी नदीवर राहिला. मिश्र रक्ताच्या मुलांना कंपनीत वर चढता येत नाही हे उमगल्यावर त्याने नोकरी सोडली. स्कॉटलंडमध्ये शिकला, लंडनमध्ये शिक्षक आणि पुढे वकीलही झाला. १८४७ मध्ये रेड नदीवरच्या लोकांचं गाऱ्हाणं त्याने थेट ब्रिटिश सरकारपुढे मांडलं, कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध. १८८३ मध्ये वारला तेव्हा सुमारे ८३ हजार डॉलर आणि आपली सगळी पुस्तकं मॅनिटोबाच्या विद्यापीठाला देऊन गेला, आणि शिष्यवृत्त्यांसाठी अट घातली की वंश, धर्म किंवा स्त्री-पुरुष असा भेद करायचा नाही. १८८३ मध्ये! त्याची बहुतेक पुस्तकं पुढे १८९८ च्या आगीत गेली. शिष्यवृत्त्या टिकल्या.

तुमच्या शोधासाठी दुसरा माणूस जास्त जवळचा आहे: जेम्स इझ्बिस्टर. तोही बाप ऑर्कनीचा अशा घरातला. १८६२ मध्ये नॉर्थ सस्कॅचेवान नदीकाठी त्याने शेती सुरू केली, त्या जागेला इझ्बिस्टर सेटलमेंट म्हणत. आजचं प्रिन्स ऑल्बर्ट शहर ते हेच, सस्कॅटूनपासून गाडीने दीडेक तास. १८८४ मध्ये मेटी लोकांचा पुढारी लुई रिएल याला अमेरिकेतल्या मोंटानाहून परत आणायला गेलेल्या चौघांत गाब्रिएल ड्यूमॉंबरोबर हा जेम्स होता. जावयाचं घर त्याचंच असेल असं नाही, पण सस्कॅचेवानमध्ये हे आडनाव मुरलंय ते असं.

पुढे काय करायचं ते सांगते. नुसतं आडनाव घेऊन मागे जाऊ नका, एकेक पिढी गाव धरून जा. पणजोबांचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १८७० नंतर सरकारने मेटी कुटुंबांना जमिनीच्या बदल्यात 'स्क्रिप' नावाची कागदपत्रं दिली. त्यांच्या अर्जांत आई-बापाची नावं आणि जन्मगाव असतं, आणि ते अर्ज ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने ऑनलाइन ठेवलेत. तिथून एखादा कंपनीचा नोकर सापडला की अर्धी लढाई जिंकली. कंपनीचं सगळं दफ्तर १९७४ पासून इथे विनिपेगला आहे, आणि बऱ्याच नोकरांचं एकेक पान करून ठेवलंय. पानाच्या डोक्यावर नाव, शेजारी 'पॅरिश' म्हणजे त्याचा मूळ परगणा, मग नोकरीत शिरल्याचं साल. खाली वर्षवार रकाने: काम, ठाणं, जिल्हा. कंपनीचं वर्ष १ जूनला सुरू व्हायचं, हे लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा पानं चाळली तेव्हा एकाच काळातल्या दोन इझ्बिस्टरांना भाऊ ठरवून मोकळी झाले होते. 'पॅरिश' नंतर वाचलं तर एक रेंडलचा, एक साउथ रोनल्डसेचा. मधे समुद्र.

त्या साउथ रोनल्डसेच्या वाडीवरही मी जाऊन आले. १९५८ मध्ये तिथल्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीत दगड काढताना पाच हजार वर्षांपूर्वीचं सामुदायिक थडगं लागलं. आत माणसांच्या हाडांचे सोळा हजार तुकडे, आणि त्यांच्यात समुद्री गरुडांच्या नख्या. मी गेले तेव्हा आत जायचं तर चाकाच्या फळीवर आडवं पडून दोरी ओढत सरकावं लागायचं. बाहेर आलं की गवत, कडा आणि पुढे नुसतं पाणी.

पणजोबांचं नाव आणि चर्च कळलं की इथेच खाली लिहा. दप्तरखाना माझ्या ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे, वॉन स्ट्रीटला. 'पॅरिश'च्या रकान्यात काय लिहिलंय ते मी जाऊन बघून येते.