पासून, वर आणि ला: सीयूईटीच्या इंग्रजीत मराठी कुठे नडते

बारावीनंतरच्या सीयूईटी (केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) आणि राज्याच्या सीईटी परीक्षांतल्या इंग्रजीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

व्याकरणाचे नियम पाठ आहेत. तरी ‘चूक शोधा’ आणि ‘योग्य शब्द निवडा’ यांत गुण जातात. असे का होते? (बारावीची विद्यार्थिनी, बार्शी)

चुकीचे वाक्य तुमच्या मराठी कानाला बरोबर वाटते, म्हणून. नियम आठवायला आधी शंका यावी लागते आणि इथे ती येतच नाही. त्यामुळे सगळे व्याकरण पुन्हा पहिल्यापासून वाचू नका. मराठीची घडण जिथे इंग्रजीत शिरते, तेवढ्याच जागा पक्क्या करा.

सर्वांत जास्त फसवतो तो ‘पासून’. ‘दोन वर्षांपासून राहते’ आणि ‘2023 पासून राहते’, मराठीत दोन्हीकडे शब्द एकच. इंग्रजीत मोजलेल्या कालावधीला ‘फॉर’ लागतो आणि सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’. एवढ्याने भागत नाही, कारण क्रियापदही बदलते. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स 2023’ चूक, ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ बरोबर. मराठीत तिथे साधा वर्तमानकाळ चालतो, म्हणून ‘ॲम लिव्हिंग’ खटकत नाही. परीक्षेत ‘सिन्स’ दिसला की आधी क्रियापदाकडे नजर टाका.

दुसरा गट शब्दयोगी अव्यये आणि विभक्तींचा. ‘माझ्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’ लिहिले जाते, हवे असते ‘अँग्री विथ मी’. ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’, हवे ‘मॅरीड टू’. ‘पुण्याला पोहोचलो’ यातला ‘ला’ आपण ‘रीच्ड टू पुणे’ असा चिकटवतो, पण ‘रीच’ला काहीच लागत नाही. ‘अराइव्ह’ला मात्र ‘इन’ किंवा ‘ॲट’ लागतो. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको, पण त्याचेच नाम ‘डिस्कशन’ आले की ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ चालतो. ही जोडी नीट पाहून ठेवा. ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’ हे समीकरणही सगळीकडे लागू नाही: ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’ आणि ‘प्रिफर’ यांच्यापुढे ‘टू’ येतो.

तिसरा गट जोडशब्दांचा. आपल्या ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ आला तरी वाक्य छान वाटते. दोन्हींपैकी एकच ठेवायचा. (‘ऑल्दो’नंतर ‘येट’ आलेला दिसेल, तो चालतो.) ‘ॲज’ने कारण सांगून पुढे ‘सो’ लिहिणे हीच चूक, वेगळ्या वेषात. आणि ‘इफ’च्या तुकड्यात ‘विल’ नको: ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे’.

बाकीचे पटकन. ‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षर नव्हे, उच्चार ठरवतो: ‘ॲन अवर’, ‘ॲन एमबीए’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’, ‘अ युरोपियन’. मराठीत सल्ले आणि बातम्या असतात, केसही पांढरे ‘होतात’. इंग्रजीत ‘ॲडव्हाइस’ला अनेकवचन नाही, ‘न्यूज’पुढे ‘इज’ येतो आणि डोक्यावरचे सगळे ‘हेअर’ मिळून एकवचनी.

सरावासाठी यातल्या प्रत्येक जागेची पाच मराठी वाक्ये स्वतः लिहा, त्यांचे इंग्रजी करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त इंग्रजी बाजू वाचून चुका शोधा. तयार प्रश्नसंच त्यानंतर हातात घ्या.

मुलगा पाच हजार शब्दांची यादी ए पासून पाठ करतो आहे. महिन्यात निम्मे विसरतो. यादी बदलावी का? (पालक, नांदेड)

यादी बदलून फरक पडणार नाही, पद्धत बदलावी लागेल. वर्णक्रमाने पाठ केले की सारखे दिसणारे शब्द शेजारीशेजारी येतात आणि एकमेकांत मिसळतात. रोज दहा शब्द पुरेत, आणि तेही वाचलेल्या उताऱ्यांतून उचललेले. वहीत प्रत्येक शब्दासमोर चार गोष्टी हव्यात: तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, इंग्रजीतून अर्थ, त्याच्यापुढे येणारे अव्यय आणि एक विरुद्धार्थी शब्द. मग दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी अर्थ झाकून उजळणी. जो शब्द अडेल तो पुन्हा पहिल्या दिवसावर.

एका शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द लिहिणे टाळायला सांगा. ‘फ्रूगल’ आणि ‘स्टिंजी’ दोन्हींपुढे ‘पैसे जपून वापरणारा’ लिहिले, तर पहिला कौतुकाचा आणि दुसरा निंदेचा, हे कळत नाही. पर्यायांत नेमके हे दोन्ही शेजारी असतात.

धातू आणि उपसर्ग उपयोगी आहेत: ‘बेने’ म्हणजे चांगले, ‘मॅल’ म्हणजे वाईट, एवढ्यावर डझनभर शब्द उलगडतात. पण ‘इन’ दिसला की नकार समजू नका. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारेच आणि ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अमूल्य. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात पर्यायांमध्ये समानार्थी शब्द हमखास पेरलेला असतो. घाईत तोच निवडला जातो, म्हणून ‘अँटोनिम’ हा शब्द आधी अधोरेखित करायची सवय लावा. संगणकावरच्या परीक्षेत तो कच्च्या कागदावर लिहायचा.

वाक्यांचा क्रम लावताना दोन पर्यायांत अडकायला होते. (विद्यार्थी, चिपळूण)

पहिले वाक्य शोधण्यात वेळ घालवू नका. आधी न तुटणारी जोडी शोधा. ‘ही’, ‘दिस’, ‘सच’ असलेल्या वाक्याच्या आधी ज्याच्याबद्दल ते बोलते ते नाव आलेच पाहिजे. ‘अ टाउन’ आधी, ‘द टाउन’ नंतर. पूर्ण नाव आधी, नुसते आडनाव नंतर. अशी एक जोडी मिळाली की ती ज्या पर्यायांत तुटते ते पर्याय खोडा. बहुतेकदा दोन उरतात. तिथे ‘हाउएव्हर’ किंवा ‘देअरफोर’ निर्णय देतो: पहिल्याच्या आधी विरोधी म्हणणे हवे, दुसऱ्याच्या आधी कारण.

उताऱ्यातल्या शब्दाचा अर्थ माहीत असतो, तरी उत्तर चुकते. (विद्यार्थिनी, फोंडा)

शब्दाचा अर्थ विचारलेला नसतो, त्या ओळीतला अर्थ विचारलेला असतो. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता, भाषण करणे किंवा एखाद्या प्रश्नाला हात घालणे. निवडलेला पर्याय मूळ वाक्यात बसवून वाचा. वाक्य डगमगले तर तो सोडा, कोशात बरोबर असला तरी.

उत्तर येत नसेल तर सोडून द्यावे की ठोकून द्यावे? (विद्यार्थी, सोलापूर)

गणित करून पाहा. 2025 च्या सीयूईटीत इंग्रजीचे 50 प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ 60 मिनिटे, बरोबर उत्तराला 5 गुण आणि चुकल्यास 1 वजा. चार पर्यायांत डोळे मिटून निवडले तरी सरासरी अर्धा गुण पदरात पडतो. एक पर्याय खोडता आला तर सरासरी 1, दोन खोडता आले तर 2. म्हणजे एक जरी पर्याय नक्की चूक वाटला तरी उत्तर द्या. प्रत्येक प्रश्नाला 72 सेकंद मिळतात. शब्दार्थाचे प्रश्न 20 ते 25 सेकंदांत उरकले तर तो वेळ उताऱ्यांना देता येतो. ज्या जुन्या सरावसंचांत 50 पैकी 40 सोडवा असे छापले आहे, ते आधीच्या पद्धतीचे आहेत. प्रश्न वापरा, वेळेचे गणित घेऊ नका. राज्याच्या पाच वर्षांच्या विधी सीईटीत वजा गुण नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा ठेवू नका. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मात्र अर्ज भरतानाच वाचा.