आधी अंक दाखव

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा पीएचडीचा आराखडा वाचला. मग चहा टाकला आणि परत वाचला, कारण मला वाटलं एखादं पान पाकिटातच राहिलं असावं. तसं काही नव्हतं. 'मराठी कॉमिक्स : दृश्य, सत्ता आणि बालवाचक' असं भारदस्त शीर्षक, खाली परदेशी अभ्यासकांची ही मोठी रांग, आणि एकाही अंकाचा क्रमांक नाही. कोणता वेताळ, म्हणजे तो मूळचा फँटम? कुठल्या वर्षीचा? तुझ्या घरात आज अंक आहेत तरी किती?

सर म्हणतात हा विषय पीएचडीला बसत नाही, एखादी ग्रामीण कादंबरी घे. तर काय करू, असं विचारतेस. विषय बसतो की नाही यावर मी तुझी समजूत घालत बसणार नाही. ते तुला पटलेलं नसतं तर विट्याहून मला, एका निवृत्त ग्रंथपाल बाईला, पत्र लिहिलं नसतंस. सरांपुढं तू नुसती हवा ठेवलीस. अंकांचा गठ्ठा आणि त्याची यादी ठेवली असतीस तर बोलणं वेगळं झालं असतं. कदाचित तरीही ते नाहीच म्हणाले असते, पण कशाला नाही म्हणतोय ते बघून म्हणावं लागलं असतं.

आधी अंक, मग सिद्धांत. हे मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं पुस्तक काढलं की कॉमिक्समुळं पोरं बिघडतात, गुन्हे करतात. सिनेटच्या समितीपुढं सुनावणी झाली, प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. पुढं अर्धशतकभर विद्वान वर्थमच्या बाजूनं नाहीतर विरुद्ध लिहीत राहिले. त्याचे मूळ कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होते, ते २०१० मध्ये अभ्यासकांना खुले झाले. कॅरल टिली तिथं जाऊन बसल्या, मुलांच्या नोंदी पुस्तकाशी ताडून बघितल्या आणि २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्यानं मुलांचं बोलणं काही ठिकाणी गाळलंय, काही ठिकाणी फिरवलंय. सगळ्या वादाचा पायाच हलला. या बाई ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापक आहेत, एवढं लक्षात ठेव.

आता तुझ्या वेताळाकडं ये. ली फॉक यांची ही चित्रपट्टी १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज यायची. तीन-चार चौकटी, पहिलीत कालची आठवण, शेवटचीत उद्यासाठी वाचकाला अडकवून ठेवायचं. इंद्रजाल कॉमिक्स आपल्याकडं १९६४ मध्ये सुरू झाली, १९९० मध्ये बंद पडली. तिनं या पट्ट्या जोडून पुस्तकाची पानं केली. मग पानावर काय झालं? तिथल्या वाचकाला जिथं अख्खी रात्र थांबावं लागायचं, ती जागा आपल्या पोराच्या हातात दोन चौकटींमधली करंगळीएवढीसुद्धा नसलेली पांढरी पट्टी होऊन आली. कॉमिक्स कसं वाचलं जातं हे उलगडणाऱ्या स्कॉट मॅक्लाउडनं १९९३ च्या पुस्तकात चौकटींमधल्या या रिकाम्या जागेवर जे लिहिलंय ते तू पानभर उतरवून काढलंस. वाचावंच, माणूस हुशार आहे. पण एक दिवस संपून दुसरा कुठं सुरू होतो तो सांधा तुझ्या मराठी अंकात नेमका कुठल्या पानावर आहे, आठवणीची चौकट ठेवलीय की उडवलीय, हे मॅक्लाउड तुला सांगणार नाही. ते भिंग घेऊन तूच शोधायचंस.

भिंग हातात आहेच तर संवादांचे फुगे पण बघ. इंग्रजी मजकुरासाठी काढलेल्या फुग्यात मराठी कोंबायची म्हणजे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळी कुठं एकमेकींना चिकटल्यात, अक्षर कुठं बारीक केलंय, फुगाच पुन्हा काढलाय का? मजकूर हातानं लिहिलाय की छापखान्याच्या खिळ्यांनी जुळवलाय? रंग रेषेबाहेर सरकलेत का? मूळ पट्टीतला वेताळाचा देश बेंगाला, तो इंद्रजालमध्ये डेंकाली झाला, सिंग चाच्यांचे सिंगा झाले. असं का केलं याचा अंदाज कुणीही घरबसल्या करेल. कुठल्या अंकापासून आणि मराठीत कसं, हे अंक ओळीनं मांडून बसल्याशिवाय कळत नाही.

अंक मिळत नाहीत म्हणतेस. मिळणार कसे? मी जिथं नोकरी केली तिथं कॉमिक्सना दाखल क्रमांकच नसे. पुस्तक म्हणावं तर पातळ, मासिक म्हणावं तर कुणी बांधून ठेवत नाही. मार्चअखेर आला की गठ्ठा किलोवर जायचा. मी समितीपुढं विषय मांडला तेव्हा एक सदस्य हसून म्हणाले, "बाई, तुम्ही अजून वेताळ वाचता?" बाकीचेही हसले. चहा आला, पुढचा विषय फर्निचरचा होता. ओहायोतल्या विद्यापीठात मिल्टन कॅनिफ या चित्रकारानं दिलेल्या कागदांवर १९७७ मध्ये दोन वर्गखोल्यांत एक संग्रह सुरू झाला, आज तिथं जगभरचे अभ्यासक जातात. आपल्याकडं वर्गखोल्या नव्हत्या असं नाही.

रद्दीतून उचलून मी जे घरी आणलं त्यातलं खालच्या मजल्यावरचं २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेनं नेलं. चिखलातून काढलेले अंक विटेसारखे घट्ट झाले होते, पान सुटेना. नोंदींच्या वह्या माडीवर होत्या म्हणून वाचल्या. त्यातले बरेच अंक आता त्या नोंदींपुरतेच उरलेत. लोक मला 'यादीवाल्या बाई' म्हणतात, ठाऊक आहे मला. एवढी वर्षं याद्या केल्यात, एक पुस्तक का नाही लिहिलंत, असं तोंडावर विचारतात. अरे, यादी नसताना पुस्तक लिहिणारे गल्लोगल्ली आहेत! 'आमच्या लहानपणी' म्हणून सुरू करायचं आणि आठवणींवर दोनशे पानं भरायची. मला ते जमलं नाही आणि जमवायचंही नव्हतं. नोंद हाच माझा अभ्यास. तुला तो कमी दर्जाचा वाटत असेल तर खुशाल कादंबरी घे.

रागावू नकोस. तुझ्या आराखड्यातला शेवटचा परिच्छेद, तुझ्या आजोबांच्या दुकानात पुड्या बांधायला आलेल्या कॉमिक्सचा, मला फार आवडला. तोच तेवढा तुझा आहे. तिथून सुरू कर.

आणि हा विषय मुंबईचा किंवा परदेशचा असं मनात आणू नकोस. विट्याहून साताऱ्याकडचं औंध काही लांब नाही. तिथल्या संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी रामायणाचे प्रसंग स्वतः रंगवले, १९१६ मध्ये त्यांचं पुस्तक छापून निघालं. संग्रहालय बघून ये. किर्लोस्करवाडी त्यांच्याच संस्थानात होती; तिथून १९२० मध्ये किर्लोस्करांचं मासिक सुरू झालं आणि संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढायचे. १९६७ मध्ये सुरू झालेली अमर चित्रकथा घे. तिचे संपादक अनंत पै यांचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्या चित्रांवर पोरं वाढली. चित्रकाराचं नाव अंकावर आहे का, कुठं आहे, किती बारीक अक्षरात आहे? लिहून ठेव. या मालिकेवर इंग्रजीत चांगले ग्रंथ आहेत. ते तुझे अंक बघून झाल्यावर वाच.

नोंद कशी करायची ते सांगते. क्रमांक, तारीख, किंमत, मुद्रक, पानं, जाहिराती, वाचकांची पत्रं. भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या दुकानाचा शिक्का असेल तर तो. कुणी पेन्सिलीनं मिशा काढल्या असतील तर त्यासुद्धा, कारण बालवाचक बालवाचक म्हणून जो तू शोधतेस तो तिथं सापडतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नकोस, डाग पडतात. फोटो काढताना मुखपृष्ठाइतकंच मागचं पान महत्त्वाचं. रद्दीवाल्याला आधीच सांगून ठेव, मार्चमध्ये सगळ्यांचेच गठ्ठे निघतात, आणि किलोच्या भावावर घासाघीस करू नकोस. आजोबांच्या दुकानाचा माळा या रविवारीच बघ. नोंदी जमल्या की वही घेऊन सांगलीला ये, जेवायलाच ये. आराखडा आणू नकोस.

कळावे.